डाउन द लाइन मला कळत होतं

शाळेतल्या बाईंनी माझ्या दोन्ही वेण्या सोडल्या. रिबिनी टेबलावर टाकल्या. मग दोन्ही हात केसांत घालून ते विस्कटले. चार पावलं मागं जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "तेल कशाला लावलंस? कोरडे हवेत म्हणून सांगितलं होतं ना?"

तेल मी लावलं नव्हतं. आईनं लावलं होतं. शाळेचा क्रीडादिन, पोरगी चारचौघांत खेळणार, म्हणून पहाटे चुलीपुढं बसवून तिनं वेण्या घातल्या होत्या.

बाईंनी पिशवीतून एक फ्रॉक काढला. खांद्यावर उसवलेला, खाली चिखलाचे डाग. माझा नव्हता. इतका फाटका फ्रॉक माझ्याकडं नव्हताच. त्यांनी तो कुठून तरी शोधून आणला होता.

"हा 'आधी'साठी," बाई म्हणाल्या. "पांढरा ड्रेस 'नंतर'साठी. तो आत घालून ठेव. म्हणजे फ्रॉक पटकन काढता येईल."

आम्ही कातकरी. मुठा गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. आईबाप रोजंदारीवर. हंगामात करवंदं, लाकूडफाटा, ओढ्याचे खेकडे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत होते. एक दिवस पिरंगुटकडच्या मोठ्या इंग्रजी शाळेची गाडी वाडीवर आली. त्यांची दत्तक योजना होती. माझे आईबाप जिवंत, धडधाकट. तरी मला दत्तक घेतलं. फोटो काढले. मी जोरात पळते हे बघून मला टेनिसच्या सरांच्या ताब्यात दिलं. सरांनी माझ्या पोटऱ्यांकडं बघितलं. "डोंगरातली पोरं काटक असतात," म्हणाले. बाजारात बैल बघताना माणसं बोलतात, तसं.

सर मराठीच. फोनवर घरी मराठीत बोलायचे, चेंडू जाळीत गेला की शिवी मराठीत द्यायचे. शिकवायचे मात्र इंग्रजीत. पहिल्याच दिवशी माझ्याकडं चेंडू टाकून ओरडले, "डाउन द लाइन!"

लाइन मला माहीत होती. रेशनची लाइन, टँकरची लाइन. त्यात आमच्यासारख्यांनी कुठं उभं राहायचं तेही माहीत होतं. सगळ्यांच्या मागं. मी रॅकेट काखेत मारली आणि पळत जाऊन मुलांच्या रांगेच्या शेवटी उभी राहिले.

आधी सर हसले. मग मुलांनी हसायला सुरुवात केली. मुलं सरांकडं बघूनच हसतात.

नंतर एकदा ओरडले, "ॲड कोर्ट!" ॲड म्हणजे जाहिरात, एवढं इंग्रजी मला येत होतं. कुंपणावर बंगल्यांच्या जाहिरातीचा मोठा फलक होता. मी त्याच्याखाली जाऊन उभी राहिले. सर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, इतके हसले. डोळे पुसले. पण ॲड कोर्ट म्हणजे काय, ते काही सांगितलं नाही.

मी बाहेर बसून बघायला लागले. सर ओरडतात काय आणि चेंडू जातो कुठं. आठवडा संपायच्या आत सगळं कळलं. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मारला, तो क्रॉस कोर्ट. जाळी मधोमध खाली असते, तिरकं अंतरही लांब पडतं, म्हणून तो सोपा. कडेच्या रेषेला धरून नाकासमोर मारला, तो डाउन द लाइन. तिथं जाळी उंच आणि अंतर कमी, म्हणून तो अवघड. जाळीकडं तोंड केलं की आपल्या उजव्या हाताचा भाग ड्यूस कोर्ट, डाव्या हाताचा ॲड कोर्ट. मागची आडवी रेषा ती बेसलाइन, तिच्या जरा मागं उभं राहायचं. पुढं आलं आणि मध्येच थांबलं, तर चेंडू नेमका पायात पडतो. त्या मधल्या जागेला नो मॅन्स लँड म्हणतात. कुणाचीच नसलेली जागा. आमच्या झोपड्या असल्याच जागेवर असतात, आणि एक दिवस त्या जागेला मालक फुटतो.

एवढीच ती विद्या. कुणीही मराठीत सांगितली असती तर चहा गार व्हायच्या आत समजली असती.

मी सरांना जाऊन सांगितलं, "सर, मला कळलं आता." सर म्हणाले, "गुड," आणि पुढच्या पाहुण्यांसमोर पुन्हा बोलावलं. "ए लाइन, इकडं ये. यांना दाखव, पहिल्या दिवशी तू काय केलंस." मी रॅकेट काखेत मारून रांगेच्या शेवटी पळायची. पाहुणे हसायचे. माझ्या गालाला हात लावायचे. "सो स्वीट," म्हणायचे.

माझं नावच लाइन पडलं. मी स्पर्धेत खेळायला लागले, मोठ्या मुलींना हरवायला लागले, तरी लाइनच. मला खेळ येतो याचं त्यांना काही नव्हतं. मला येत नव्हतं, त्याची त्यांना गोडी होती. त्यावर त्यांची योजना चालायची.

तर त्या क्रीडादिनाला खुर्च्यांवर पालक होते, देणगी देणारे पाहुणे होते. माझे आईबाप मागं, कुंपणाला टेकून उभे. त्यांना खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. मी तो फ्रॉक घालून, केस पिंजारून कोर्टावर आले. आई मला बघून पुढं सरकली. तिला वाटलं, मी कुठंतरी पडले.

सरांनी माइक घेतला. "दोन वर्षांपूर्वी ही मुलगी आपल्याकडे आली, तेव्हा अशी होती," म्हणाले. मग माझ्याकडं वळून ओरडले, "डाउन द लाइन!"

मी पळायचं होतं. पळाले नाही.

लोक मात्र हसले. मी काहीच केलं नव्हतं, तरी हसले. नुसत्या माझ्या अवताराला हसले. त्या क्षणी मला कळलं की यांना मी नकोच आहे. यांना फ्रॉक पुरतो.

सर पुन्हा ओरडले. मी बेसलाइनवर तशीच उभी. सर जवळ आले, माइक खाली केला, दातांतून म्हणाले, "काय झालं? पळ ना."

"सर, मला डाउन द लाइन कळतंय. पहिल्या आठवड्यापासनं कळतंय."

"नाटक आहे हे. नाटक कर."

"मी न्हाई करत. तुमी करा."

पहिल्या रांगेला ऐकू गेलं. कुणीतरी खोकलं. मी तो फ्रॉक डोक्यावरून काढला, त्यांच्या हातात दिला आणि चालत कुंपणापाशी गेले. पाठीमागं सर माइकवर म्हणाले, "शी इज शाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, देव जाणे. त्यांना टाळ्या वाजवायची सवय होती.

फाट्यावर बसची वाट बघताना बाप सारखा मागं शाळेकडं बघत होता. "माफी माग पोरी," तो म्हणाला. "एवढी मोठी शाळा हाय. पुन्ना कोन घेनार आपल्याला?"

आई माझे केस बोटांनी सोडवत होती. तिनं विचारलं, "केस कुनी इस्कटलं?"

"बाईंनी."

"कशापायी?"

"मी गरीब दिसावी म्हणून."

आई थांबली. बापाकडं वळली. "न्हाई मागायची माफी. हिनं न्हाई आन् तुमीबी न्हाई."

सोमवारी मुख्याध्यापिकेनं बोलावलं. "आम्ही तुझ्यासाठी इतकं केलं," म्हणाली. माफी माग म्हणाली. मी मागितली नाही. शाळा गेली. टेनिस गेलं. रॅकेट त्यांची होती, ती ठेवून घेतली. मी परत जिल्हा परिषदेच्या शाळेत बसले, पुढं आश्रमशाळेत. कोपरात कितीतरी दिवस चेंडू मारायची ओढ यायची. गेलं ते कुणी भरून दिलं नाही. अन्याय सोसला की माणूस मोठा होतो, असं म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं मी बघत नाही.

आज मी एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. आता ते त्या शाळेच्या क्रीडा विभागाचे प्रमुख आहेत. सगळं बोलणं मराठीत. "तू आमचीच मुलगी," म्हणाले. "कार्यक्रमाला ये, तुझा सत्कार करू. आणि तुझ्याकडची दोन चांगली पळणारी मुलं दे. आपल्या योजनेत घेऊ."

मी म्हणाले, "सत्कार नको. मुलं खेळायला घेणार असाल तर मी सोबत येईन. मराठीत शिकवायचं. फोटो नाही, भाषण नाही. त्यांच्या आईबापांना पहिल्या रांगेत खुर्ची."

"तू अजून तेच धरून बसलीस?"

"हो. धरून बसलेय आणि सोडणार नाही."

त्यांनी फोन ठेवला.

आमच्या शाळेमागं मुरमाचं पटांगण आहे. तिथं आम्ही चुन्यानं रेषा आखल्यात, मध्ये मासेमारीचं जाळं बांधलंय. पोरांना मी क्रॉस कोर्टही सांगते, डाउन द लाइनही सांगते, आणि त्याचा अर्थही लगेच सांगते. कुणाला एकदा नाही कळलं तर पुन्हा सांगते. हसत कुणी नाही. जो हसेल तो पटांगणाबाहेर.

येत्या हंगामात जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेत यांची नावं घालणार आहे. दत्तक म्हणून नाही. यांच्या स्वतःच्या नावानं, आडनावानं, गावानं. हरली तर हरून येतील. पण कुणाच्याही माणुसकीची जाहिरात म्हणून माझं एकही पोर उभं राहणार नाही. जो उभं करायला येईल, त्याला आधी माझ्यासमोर उभं राहावं लागेल.