गर्दीतला मिशीवाला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली. मध्ये पेपर पसरला होता, त्यावर जुडी सोडली होती, समोर टीव्ही चालू होता. मी देठासकट पानं टाकत होतो आणि ती माझ्या बाजूचे देठ परत वेचून काढत होती. पिक्चर काळा-पांढरा होता. ज्या डायरेक्टरवरून आमचं लग्नापासून भांडण, त्याचाच. त्याचं नाव लिहीत नाही. तो मेला, पण त्याची पोरंबाळं असतील.

मला तो माणूस आवडायचा. माझं शिक्षण चौथी, पण पिक्चर भरपूर पाहिले. करमाळ्याकडून आलो, आकुर्डीत खोली केली, दिवसभर कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या मशिनीचा दणका ऐकायचा आणि सुट्टीला टॉकीज गाठायची. हा डायरेक्टर गाव दाखवायचा तर गावच वाटायचं, पुठ्ठ्याचं वाटायचं नाही. आमच्या हिला मात्र तो अजिबात खपायचा नाही. "उलट्या काळजाचा माणूस हाय त्यो," म्हणायची. का म्हणून विचारलं तर भांडी जोरात घासायची.

त्या दिवशी लागला होता तो पिक्चर असा. एका पोरीला पाटलाचा मुलगा फसवतो. तिला दिवस जातात. गाव तिला बाहेर काढतं. ती गाठोडं घेऊन वेशीतून निघते, मागून लोक तिला शिव्या घालतात आणि वाटेच्या कडेला गावच्या बायका उभ्या राहून तिला हसतात. बस, एवढाच सीन. पण त्या सीनला आमची ही उठून जायची.

नवीन लग्न झालं तेव्हा टॉकीजमध्ये पहिल्यांदा उठली. तहान लागली म्हणाली. पुढं तोच पिक्चर टीव्हीवर लागायला लागला. मग कधी दूध उतू जायचं, कधी गॅस राहायचा, कधी दारात कोणी नसताना कोणीतरी आलं म्हणायची. सीन संपला की परत येऊन बसायची. माझ्या ध्यानात यायला उशीर लागला, पण एकदा आल्यावर ते डोक्यातून जाईना.

त्याचं कारण असं, की त्या डायरेक्टरचं सुरुवातीचं शूटिंग हिच्या माहेरी झालेलं. निघोज्यात. तेव्हा तिकडं कंपनी नव्हती, नुसती नदी आणि शेतं. म्हणून मी त्या गर्दीत नीट बघायला लागलो. बायका ज्या बाजूला बघून हसतात, त्याच बाजूला पार कडेला एक बैलगाडी दिसते. गाडीला टेकून एक तरणा माणूस उभा आहे. झुपकेदार मिशी, फेटा सुटून खांद्यावर आलेला.

मला त्याचा संशय होता. उघड सांगतो. हिशोब केला तर शूटिंगच्या वेळी ही परकर-पोलक्यातली पोर असणार. पण गावातली माणसं गावातच राहतात आणि पोरी मोठ्या होतात. एकदा जत्रेला गेलो असताना मेव्हण्याला, म्हणजे हिच्या धाकट्या भावाला विचारलं, की तुमच्यातलं कोण उभं होतं का रे त्या शूटिंगला? तो वर न बघता म्हणाला, "आमच्यातलं कुणीबी न्हाई." खरं बोलणारा माणूस वर बघतो. तेव्हापासून माझा संशय डबल झाला.

तर त्या मेथीच्या दिवशी तो सीन आला. मी टीव्ही बघत नव्हतो, हिच्याकडे बघत होतो. ही उठली नाही. हातात काडी तशीच, आणि सगळा सीन बघितला. मग म्हणाली, "अवो, किती हसतीया बघा."

मी म्हणालो, "कोण?"

"कुणी न्हाई. देठं टाकू नका त्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे हिच्या छातीत कळ आली. रिक्षातून नेली, अँब्युलन्समधून आणली. मेथी चिरायची राहिली ती राहिलीच. सुनेनं तिचं काय केलं ते मी विचारलं नाही.

पुढं मुलानं मला रावेतला त्याच्या फ्लॅटवर आणलं. उंच बिल्डिंग. खाली माणसं मुंगीएवढी आणि शेजारी कोण ते कोणाला माहीत नाही. सगळे हसून गुड मॉर्निंग करतात. एवढं कशाला हसतात, ते मला कळत नाही. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये रविवारी दुपारी म्हाताऱ्यांसाठी भिंतीवर पिक्चर दाखवतात. सून म्हणाली, जा, मन रमेल. गेलो.

तिथं दोघांचं राज्य. एक मास्तर, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे शिक्षक. दुसरे क्वालिटीवाले. हे चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होते, पार्ट तपासून चांगला की रद्दी ते ठरवायचं काम. दोघं त्याच डायरेक्टरचे भक्त आणि दोघांचं एका गोष्टीवर जमेल तर शपथ. मास्तर म्हणायचे, पहिल्या पिक्चरपासून शेवटच्या देवाधर्माच्या पिक्चरपर्यंत एकाच हाताचं काम आहे, एक दोरा ओवलाय. क्वालिटीवाले म्हणायचे, पहिले तीन पास, बाकी सगळं रिवर्क. त्यातून पहिला पिक्चर आता कुठंच मिळत नाही, त्याची प्रिंट सडून गेली म्हणे. तो मास्तरांनी पाहिलेलाच नाही. क्वालिटीवाल्यांनी लहानपणी चाकणच्या बाजारात तंबूत पाहिला होता, आणि ते दर रविवारी हे ऐकवायचे.

"मास्तर, न पाहिलेल्या पिक्चरवर भाषण द्यायला डेअरिंग लागतं, राव."

मी मागं बसायचो. बोलायचो नाही. मेलेल्या माणसावरून ही शिकलेली माणसं एवढं भांडतात म्हणजे ह्यात कोणाचा तरी फायदा असणार, असं मला वाटायचं. मास्तर पुस्तक लिहीत असतील आणि आमचं बोलणं फुकटात उचलत असतील, असाही एक संशय होता.

एका रविवारी त्यांनी तोच पिक्चर लावला, गावाबाहेर काढलेल्या पोरीचा. मी मुद्दाम पुढं जाऊन बसलो. मला मिशीवाला मोठा बघायचा होता. सीन आला तसा मास्तरांनी रिमोटनं पिक्चर थांबवला आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, हे हसू बघा. ह्या नट्या नाहीत, ह्या साध्या गावच्या बायका आहेत. ह्यांच्या आतला विखार ह्या माणसानं बाहेर काढला. "बाईच बाईला हसते, आणि पोटापासून हसते. ह्या एका शॉटसाठी मी त्याचे पुढचे सगळे टुकार पिक्चर माफ करतो."

क्वालिटीवाले खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "मास्तर, हा रिजेक्ट माल आहे. परत लाइनीवर चढवलाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. हा तुकडा ह्या पिक्चरचा नाहीच, पहिल्या पिक्चरचा आहे. त्यात एक लग्न होतं, वऱ्हाड येतं आणि बायका हसतात. डायरेक्टरनं तोच तुकडा कापून, डावं-उजवं उलटं करून इथं चिकटवला. ह्या पोरीला हसायला बायका गोळा करायचा खर्च वाचवला. पुरावा काय, तर पदर बघा, सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. नथ उजव्या नाकपुडीत. अख्ख्या गावाच्या बायका एका दिवशी उलटा पदर घेतात काय?

मास्तर तापले. म्हणाले, उलटा केला असेल, बघण्याची दिशा जुळवायला करतात तसं. त्यावरून तुकडा जुना आहे हे कसं ठरलं? पहिल्याची प्रिंट दाखवा, मी आत्ता मान्य करतो.

"प्रिंट असती तर तुमच्या तोंडी लागलो असतो का?"

लोक हसले. मी तिथं कधी तोंड उघडलं नव्हतं, पण तेव्हा उघडलं. विचारलं, "तो गाडीपाशी मिशीवाला आहे, तो कोण?"

दोघंही वळले. मास्तरांना मिशीवाला सापडेनाच. क्वालिटीवाल्यांना सापडला. म्हणाले, काका, तो ॲक्टर नाही, गावातला असेल कोणीतरी, चुकून फ्रेममध्ये आलाय. मी म्हणालो, मला तेच पाहिजे, गावातला कोण? पण तोवर त्यांचं परत जुंपलं होतं.

चित्र भिंतीवर थांबलेलंच होतं. घरच्या टीव्हीवर माझा डोळा कायम त्या कडेच्या माणसावर असायचा. पुढच्या बायका मी कधी बघितल्याच नव्हत्या. आता त्या बायका खऱ्या माणसाएवढ्या उंच समोर होत्या. सगळ्यात पुढची तोंडात पदराचं टोक धरून हसत होती आणि हसताना तिचा उजवा डोळा पार मिटला होता. आमची ही हसली की एक डोळा असाच मिटायचा. पण तिचा डावा मिटायचा. आणि क्वालिटीवाले आत्ताच म्हणाले होते की ह्यात डावं ते उजवं झालंय.

हिची आई ही लहान असतानाच गेली. तिचा फोटो कुठंच नाही. सासू कशी होती ते मी कधी पाहिलं नाही.

घरी आलो तरी डोक्यात तेच. पण विश्वास कोणावर ठेवायचा? मास्तर डायरेक्टरच्या बाजूनं बोलणार, क्वालिटीवाले मास्तरांच्या विरोधात बोलणार. माझ्या डोळ्यांचंही खरं नाही. हल्ली भाजी घेणाऱ्या कोणत्याही बाईची पाठ मला हिची वाटते. ही नुसती हसणारी बाई आहे की हिची आई, हे सांगणारा एकच माणूस उरला होता, आणि तो माझ्याशी एकदा खोटं बोललेला. मुलाला सांगितलं, पिक्चर मोबाइलमध्ये घालून दे आणि त्या सीनवर आणून ठेव. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या बदलून निघोज्याला गेलो. मेव्हण्याची जमीन कंपनीत गेली, त्यानं खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्यात. अंगणात ड्रम मांडून पाणी भरत होता. मला बघून दचकलाच.

"दाजी, न कळवता?"

कळवलं असतं तर तू तयारी करून बसला असतास, असं मी म्हणालो नाही. मोबाइल त्याच्यापुढं धरला. "ह्या पुढच्या बाईला ओळखतोस का?"

त्यानं चष्मा लावला. सीन संपेपर्यंत बघितलं. "न्हाई वळखत. पदर असा कुठं घेत्यात आपल्यात?"

मी म्हणालो, "चित्र उलटं केलंय त्यांनी. आरशात बघतोस असं समज." आणि परत लावलं. ह्या वेळी मी मोबाइलकडे बघत नव्हतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. खोटं कुठून निघतंय ते मला बघायचं होतं. ड्रम भरून पाणी त्याच्या चपलांवरून वाहायला लागलं, तरी त्यानं पाइप काढला नाही. मग त्यानं एक बोट उचलून त्या बाईच्या गालाला लावलं. बोट लागल्यावर चित्र थांबलं.

"आई हाय," तो म्हणाला. "ताईनं सांगितलं तुम्हाला?"

"नाही. तिनं कधीच सांगितलं नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. पहिला पिक्चर आला तेव्हा गाव खूश होतं. मग आई तापानं गेली. वर्षानं हा दुसरा पिक्चर चाकणला तंबूत लागला. ह्यातही आई दिसते असं कोणीतरी सांगितलं म्हणून दोघं भावंडं वडिलांबरोबर गेली. आई दिसली, पण लग्नात नाही. एका गरीब पोरीला गावाबाहेर काढलंय आणि आई तिला हसतेय. तंबूतले लोक त्या बायकांना शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं हिला म्हणाली, तुझी आई दुसऱ्याच्या वाईटावर हसते. ही घरी आली ती जेवली नाही. पुढं लग्न ठरल्यावर भावाला शपथ घातली, की सासरी हे कधी कळता कामा नये.

"म्हणून मी तुम्हाला न्हाई म्हणालो व्हतो, दाजी. तुम्ही तर त्या डायरेक्टरचं कवतिक करायचा."

मी ते ऐकून घेतलं. पण माझं अजून एक राहिलं होतं, ते विचारल्याशिवाय मी उठणार नव्हतो. "आणि हा मिशीवाला? गाडीपाशी उभा आहे तो?"

त्यानं चष्मा वर केला, खाली केला. "अवो दाजी, त्यो माझा बाप."

सासरा मी पाहिला तो तुळतुळीत दाढी-मिशी काढलेला म्हातारा. मेव्हणा म्हणाला, आई गेल्यावर दादांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, मिशी काढली ती परत ठेवलीच नाही. शूटिंगवाल्यांनी सगळ्या पुरुषांना फेटे दिले होते. दादांना फेटा बांधता येत नव्हता. "कॅमेरा चालू झाला आन फेटा सुटून गळ्यात आला. आई त्याला हसतीया. शूटिंगवाले लई खूश झाले म्हणं, असं हसू त्यांना पाहिजेच व्हतं."

मी परत बघितलं. फेटा सुटलेलाच होता. इतकी वर्षं मी त्या फेट्याकडे बघत आलो होतो. आता त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तो माणूस ओशाळला होता, आणि त्याच्याकडे बघून त्याची बायको हसत होती.  

एक भाडेकरू बादली घेऊन आला. मेव्हण्यानं हातानंच त्याला थांब म्हणून सांगितलं आणि नळ बंद केला. मग पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"परत लावा, दाजी. आवाज मातर नको. त्या शिव्या नको वाटत्यात."

आवाज कुठून बंद होतो ते मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. मी मोबाइलच्या खालच्या बाजूला, आवाज येतो त्या भोकांवर अंगठा दाबून धरला. आत लोक त्या पोरीला काय काय बोलत होते, त्याची नुसती गुरगुर अंगठ्याला लागत होती. सीन संपला की तो म्हणायचा, परत. मी बोटानं मागं ढकलायचो आणि पुन्हा अंगठा दाबायचो.