खापरांची हद्द

ठकुबाईची जीभ टेमघरात सगळ्यांना ठाऊक होती. काही लोक तिला टरकून असायचे, काही तिच्या नावानं बोटं मोडायचे, आणि तिचा धाकटा दीर दामू दोन्ही करायचा. पण ती जीभ जन्मापासून तशी नव्हती. नवरा होता तोवर ही बाई मान खाली घालून माती तुडवायची. लोक हे सोयीनं विसरतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नवरा लडकू कुंभार. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी काविळीनं गेला. तेराव्याला पाहुणे जेवून हात धूत होते, तेवढ्यात दामूनं भावाच्या ओटीपुढचं चाक उचललं आणि आपल्या दारात नेऊन मांडलं. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या चाकाला बाईचा हात लागायचा न्हाय."

आता कुंभाराघरच्या कुठल्या बाईनं चाकाला हात लावलाय? बापजन्मात नाही. बायकांनी माती आणायची, चाळायची, मळायची, मडक्यांची बुडं थापटायची. चाक पुरुषाचं. ठकुबाईला हे कुणी शिकवायला नको होतं. तिला माहीत होतं तेच तिला चारचौघांत ऐकवलं, तेही नवऱ्याच्या तेराव्याला, म्हणून ते तिच्या काळजात रुतलं. आणि त्यामागची मेख तिला त्याच दिवशी कळली. आवार दोघा भावांचं होतं. पलीकडच्या कापडवाल्याला तिथं लूमची शेड टाकायची होती, आणि दामूनं त्याला आतून शब्द देऊन ठेवला होता. वहिनी वज्रेश्वरीकडं माहेरी निघून गेली की काम फत्ते. चाक नसलं तर ती खाणार काय, आणि खायला नसलं तर राहणार कशाला, असा त्याचा सरळ विचार.

"वयनी, तुझा भाव न्यायला येनार व्हता ना?" तो येता-जाता विचारायचा.

"येनार व्हता. मीच नको सांगितला," ती म्हणायची आणि पदर खोचून कामाला निघायची. अंजूरला खाडीकडेला चांगदेव पाटलाची वीटभट्टी होती, तिथं ती डोक्यावरून विटा वाहायची.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग एक दिवस ठाण्याहून आनंदीबाई नावाच्या मास्तरीणबाई आवारात आल्या. नोकरी संपली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यांना बुटकी झाडं वाढवायचा भारी नाद. वड, पिंपळ, उंबर, सगळे वीतभर उंचीचे, पण खोड म्हाताऱ्यासारखं. असल्या झाडाला उथळ, चौकोनी भांडं लागतं, खाली चार पाय आणि बुडाला भोकं. कुणी करूनच देत नाही म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी चपलांच्या खोक्याचं झाकण काढून दाखवलं. "असं हवं, मातीचं."

दामू चाकावर बसला होता. तो खो खो हसला. "बाई, चाक गोल फिरतंय. चौकोनी पायजे तर सुताराकडं जा."

बाई हिरमुसून वळल्या. ठकुबाई नुकती भट्टीवरून आली होती, अंगभर विटांची धूळ. ती ओटीवरूनच म्हणाली, "त्याला चाक कशाला पायजे?"

बोलून गेली, आणि आपण काय बोललो हे तिला मग उमगलं. दामूनं चाकाला हात लावू दिला नव्हता. मातीला बंदी कोण घालणार होतं? तिनं बाईंच्या हातातलं झाकण घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि ठेवून घेतलं.

खाडीकडची चिकण माती तिनं चाळली, त्यात बारीक रेती आणि राख घातली, नि लोण्यासारखी होईस्तोवर मळली. मग गोणपाटावर थापायला बसली. तळव्यानं दाबत, कडा सारख्या करत, एक जाडसर पाट. त्याच्या चार बाजू वेगळ्या थापायच्या, कडेला ओरखडे काढून पातळ चिखलानं चिकटवायच्या, कोपरे आतून बोटानं चेपायचे. उन्हात ठेवलं की कोपरे उलायचे, म्हणून ओल्या फडक्याखाली सावलीत सुकवायचं. पहिली भांडी वेडीवाकडी झाली. ती तिनं मोडून परत भिजत घातली. कच्ची माती कधी वाया जात नाही, एवढा तिचा फायदा.

दामू चाकावरून बघत होताच. "भाकऱ्या थापतेय वयनी," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगायचा. "घ्या, मातीच्या भाकऱ्या." आळीला तेवढंच पाहिजे होतं. पोरं तिला भाकरीवाली म्हणू लागली, आणि बायाही पदराआड हसल्या. दामूची बायको मैना तर सगळ्यांत मोठ्यानं.

भांडी सुकली. ती भाजायचा आवा दोघा भावांचा, त्यामुळं दामूला नाही म्हणता येईना. तो एकाएकी गोड झाला. "दे इकडं, मी लावतो. आवा लावायचं काम पुरुषाचं." आणि लावली कुठं? अगदी तोंडाशी, थेट जाळावर. सपाट भांड्याला आच सावकाश लागावी लागते, हे कुंभाराच्या शेंबड्या पोरालाही कळतं. दामूला कळत नव्हतं असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं. आवा उघडला तेव्हा त्याची मडकी धड निघाली आणि हिची झाडून सगळी तडकलेली.

"बाईमानसानं धंद्यात तोंड घातला, आव्यानं शिक्षा दिली," दामू म्हणाला.

"लावला तुम्ही, आन् शिक्षा आव्यानं दिली?" ठकुबाई एवढंच म्हणाली.

ती रडली नाही. तिनं ती खापरं पाटीत भरली आणि आवाराच्या मधोमध, आव्यापासून पार रस्त्यापर्यंत, एकेक उभं जमिनीत रोवलं, धार वर. संध्याकाळी बघावं तर आवाराचे दोन तुकडे झालेले. दामू लाथेनं एक पाडायला गेला नि अंगठा कापून घेऊन बसला. दुसऱ्या आठवड्यात कापडवाला टेप घेऊन शेडचं माप घ्यायला आला, तर ठकुबाई हद्दीवर विळा घेऊन उभी. "त्या अंगाला टाका शेड. या अंगाला मी हाय आन् मरेस्तोवर हाय." अर्ध्या जागेत त्याचे लूम मावेनात. तो दामूवर भडकला, त्याला लबाड म्हणाला आणि दुसरी जागा बघायला गेला. दामूनं त्या दिवशी वहिनीचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्याजोगा नाही.

पण आवा राहिला दामूच्या अंगाला, आणि आव्याशिवाय कुंभारीण कसली? तिनं परत भांडी केली, नि डोक्यावरून अंजूरला घेऊन गेली. तिच्याआधी दामू तिथं पोचलेला. "भोकं पाडलेलं मडकं मसणात लागतं, पाटील. तुमच्या भट्टीत भरू नका, बरकत जाईल." चांगदेव पाटील आधीच तिरसट. त्यानं भांडं हातात घेतलं, बुडाची भोकं बघितली आणि नाक मुरडलं.

"पाणी जायला भोक हाय," ठकुबाई म्हणाली. "तुमच्या मोरीला बी हाय. तुमची बरकत गेली का?"

भट्टीवरच्या बाया तोंडात पदर कोंबून उभ्या राहिल्या. पाटील गुरकावला, दोन शिव्या घातल्या, पण म्हणाला, "मधल्या थरात ठेव. फुटली तर माझ्या नावानं बोंबलू नको. आन् भट्टी उघडायच्या दिवशी अख्ख्या दिवसाची विटांची वाहनी फुकट." तिनं ती केली. विटांच्या पोटात, भुशाच्या मंद आचेवर भांडी भाजली. बाहेर काढून बोटानं वाजवली तर खणखणीत. आनंदीबाईंनी एक भांडं नेलं, मग आणखी मागितली, मग त्यांच्यासारख्याच झाडवेड्या मैत्रिणी मुंबईहून मोटारी घेऊन टेमघरच्या चिखलात उतरायला लागल्या. त्या आल्या की दामू मुद्दाम वाटेत गाढव बांधायचा.

आणीबाणी उठली त्या सुमाराला दामूचं चाक बसलं. चाळींना नळ आले, लूमवरचे भय्ये स्टीलचे हंडे आणि प्लास्टिकच्या बादल्या घेऊ लागले. मडकी आवारात पडून, त्यांच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आधी मैना आली, खापरांच्या पलीकडं उभी राहिली. "तुमच्या दिराला काय काम असलं तर सांगा."

"का? त्यांना वाचा न्हाय?"

मग तो आला. मान वाकडी. "वयनी, चाकावर करून देतो तुला. गोल करतो, लांबट करतो, म्हनशील तसं."

"चाक नको. बाईचा हात लागंल त्याला." ठकुबाईनं मळलेल्या मातीचा गोळा हद्दीवरून त्याच्या पुढ्यात टाकला, वर गोणपाट. "थापा."

तो आळीकडं बघू लागला. आळी बघतच होती. पण घरात चूल थंड होती, म्हणून बसला. तळव्यानं दाबत, कडा सारख्या करत पाट थापला, घाम पुसला. ठकुबाईनं हात लांब करून त्यात बोट खुपसलं, पाट उचलला आणि गोळा करून परत त्याच्यापुढं आदळला.

"भाकर जाड झाली, भावजी."

दुसरा थापला, तोही तिनं मोडला. तिसरा घेतला. त्या दिवसापासून दामू तिच्याकडं कामाला लागला, पण आपल्याच अंगाला बसून. पाट करायचा नि खापरांवरून तिच्याकडं द्यायचा. देताना हाताला ओरखडे यायचे. महिनाभर त्यानं सोसलं. मग एकदा मनगटाला फडकं गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "वयनी, आता तरी ती खापरं उपट. तुझंच काम करतोय ना मी."

ठकुबाई कोपरा चेपत होती. तिनं वर बघितलं नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याच हातची भाजणी हाय ती."