परसातलं पाणी

पेठच्या कोरडवाहू रानात आमची हयात पाण्याची वाट बघण्यात गेली. त्यामुळे घोडेगावात घर बांधलं, तेव्हा परसात भाजीसाठी मी वाफे केले तेही आमच्याकडच्यासारखेच, चारी बाजूंनी वरंबे घालून पाणी धरून ठेवणारे. इथला पाऊस वेगळा, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली. दोन्ही वर्षं बायकोची भेंडी आणि गवार मुळातून कुजली.

"सगळा कोबाच करून टाकू," मी चिडून म्हणालो. गवंडीही ठरवला, गणपती झाले की यायचा. हातभर का होईना, स्वतःचं रान बायकोला हवं होतं, हे मला ठाऊक होतं. दोन दिवसांनी ती एवढंच म्हणाली, "गणपतीपातूर मला द्या. न्हाईच जमलं तर घाला शिमिट."

ती मढ गावाकडची, भातशेतीतली. 'डोंगरातली माणसं' म्हणून मी तिला तीस वर्षं चिडवत आलो होतो. आषाढात पाऊस कोसळत असताना ती डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, हातात काठी धरून परसात तासभर उभी राहिली. पाणी कुठून येतं, कुठं थबकतं, ते बघत होती.

"ताप भरंल, आत ये," मी मागच्या दारातून ओरडलो.

"तुमी त्याला आडवून धरलंय. त्याला वढ्याकडं जायाचंय," ती म्हणाली.

उघडीप मिळताच तिनं माझे वरंबे मोडले. ओढ्यापर्यंत चर खणला, त्यात दगडगोटे भरले. निघालेल्या मातीचे, भाताच्या रोपांना करतात तसे उंच गादीवाफे केले. मी मदतीला गेलो तर माझ्या हातातलं खोरं काढून घेत म्हणाली, "तुमी निस्त्या इटा द्या कडंला."

श्रावणातल्या मोठ्या पावसात मी मुद्दाम दारात बसलो. सगळं पाणी चरातून निघून गेलं, वाफे जागच्या जागी. बाईचं इतकं कौतुक वाटलं की बस्स. पण तसं तोंडावर सांगायची मला सवय नाही.

गणपती झाले आणि गवंडी सिमेंट घेऊन हजर. नको म्हणून कळवायचं राहूनच गेलं होतं. ती भेंडी तोडत होती. त्याला बघून तिचा हात थांबला.

"कुठनं सुरू करायचं, भाऊ?" त्यानं विचारलं.

"न्हाई करायचं," तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो. "हितं माझ्या बायकोची शेती हाय. लई हुशार बाई हाय ती."

गवंडी परत गेला. पुन्हा भेंडी तोडायला लागत, वर न बघताच तिनं विचारलं, "ह्ये मला सांगायला गवंडी लागला व्हय?"