वरच्या दोन ओळी

ती आमच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली, त्याला कारण मीच. भरे गावातल्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर होते, तिथंच ती डाटा भरायला लागली होती. मुळशी धरणाकडून रोजचं येणं-जाणं तिला जमेना, म्हणून मी सासूबाईंपाशी शब्द टाकला. थोड्याच दिवसांत ती त्यांना ‘आई’ म्हणू लागली. मला तो शब्द तोंडात बसायला वर्ष लागलं होतं. मी तिची ताई झाले.

कारखाना पंपात बसणाऱ्या रबरी रिंगांचा. माल गाडीत चढण्याआधी त्याचा लॉट नंबर तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम मी ‘ॲक्सेस’ या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता. चाचणीत नापास झालेला लॉट बाहेर जाऊ नये, एवढंच त्याचं काम. कोडच्या अगदी वर दोन ओळी होत्या. पहिली ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’. ही असली की आधी जाहीर न केलेलं नाव कुठं वापरलं, तर प्रोग्रॅम तिथंच अडून बसतो. दुसरी ‘ऑप्शन कम्पेअर डेटाबेस’. हिच्यामुळं नंबर ताडून बघताना इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरं एकच धरली जातात. माल रवाना करणारी डिस्पॅचवरची माणसं घाईत असत. नंबरातला ‘के’ कुणी मोठा टाकी, कुणी लहान.

जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी तिला कोड शिकवायची. पोरगी हुशार होती. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, तेव्हा प्रोग्रॅम तिच्या हवाली करून मी रजेवर गेले.

“निवांत जावा ताई, मी हाय की,” ती म्हणाली.

परत आले त्या सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नापास लॉट गिऱ्हाइकापर्यंत पोचला होता. ती आधीच तिथं उभी होती.

“मॅडम, प्रोग्रॅम तुमचाच ना? मग लॉट अडला का नाही?”

मी तिच्याकडं पाहिलं.

“मी नुसता डाटा भरला, सर,” ती म्हणाली. “कोडला हात लावला नाही.”

जागेवर येऊन कोड उघडला, तर वरच्या दोन्ही ओळी गायब. खाली तिनं काही नवं जोडलेलं, आणि त्यात एकाच नावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं. पहिल्या ओळीनं तिला तिथं अडवलं असणार, म्हणून तिनं ती पुसली. सोबत दुसरीही गेली. मग लहान ‘के’नं टाकलेला नंबर प्रोग्रॅमला मोठ्या ‘के’नं नोंदवून थांबवलेल्या लॉटहून वेगळा वाटला आणि त्यानं गाडी सोडली. मी स्पेलिंग सुधारलं, ओळी परत लिहिल्या.

संध्याकाळी ती आमच्या नळावर पाणी भरत होती.

“त्या ओळी तू काढल्यास?”

“व्हय. सारखा अडत हुता. मला वाटलं, बिनकामाच्या हायेत.”

“मग साहेबांपुढं खोटं का बोललीस?”

कळशी भरली तसा तिनं नळ बंद केला. “तुमचं घर हाय, जमीन हाय, ताई. मला काढलं असतं तर मी कुटं गेले असते?”

इथंच राहिली असतीस, असं ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी पोचली होती. साहेबांना नंबर टाकून दाखवत होती, लहान ‘के’, मोठा ‘के’. दोन्ही अडत होते. “मी दुरुस्त केलं, सर.” मी खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, “आता एकमेकींवर ढकलू नका.” प्रोग्रॅम तिच्याकडं गेला आणि मी स्टोअरमध्ये, पिशव्यांवर स्टिकर लावायला.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. काळा चष्मा सावरत त्या म्हणाल्या, “दोन वळी पुसल्या? मंग परत लिव की. त्यात एवढं काय?” आणि माझ्याच हाती तिच्यासाठी आमटीची वाटी दिली. मी ती तिच्या उंबऱ्यावर ठेवून माघारी आले.

पुढं तिनं बावधनला खोली घेतली. निघताना सासूबाईंच्या पाया पडली. त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली. “ताई कुटं हायेत?” तिचा आवाज आला. मी आत कणीक मळत होते. हात थांबले, पण मी बाहेर गेले नाही.

खोली झाडताना सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या कारखान्यातलीच कोण मिळती का बघ. आशी गुणाची पोर पुन्यांदा गावायची न्हाई.”

“कारखान्यातली नको,” मी म्हणाले.

“का गं?”

मी सांगितलेलं त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.