चिठ्ठीची रांग

शहादेव मास्तर मुळातच तिरसट. आष्टीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. कॉलेज चेअरमन सुंदररावांचं. साखर कारखानाही त्यांचाच. सहकारी म्हणायचा तो फक्त पाटीपुरता.

पोरांच्या डोक्यात कॉम्प्युटरचा 'क्यू', म्हणजे रांग, काही शिरेना, म्हणून शहादेवनं पडद्यावर हलतं चित्रच केलं. वजनकाट्यापुढं उसाच्या बैलगाड्या, आधी आली ती आधी सुटणार. पोरं हसली. अशी रांग कुठल्या मुलखात असते, सर? आपल्याकडं तर चेअरमनची चिठ्ठी असंल तो ट्रॅक्टर पुढं जातो. शहादेवला हसू आलं नाही. त्याचा बाप रामहरी त्याच काट्यापुढच्या गाडीतळावर बैल धरून ताटकळत होता. दुष्काळात ऊस उभ्या उभ्या वाळायला लागला म्हणून सगळ्यांनी एकदमच तोडला होता, आणि तळावरचा हौद कोरडा ठणठणीत.

मग त्यानं दुसरं चित्र केलं. चिठ्ठीच्या गाड्या लाल. लाल आली की थेट वर, बाकीच्या खाली. 'प्रायॉरिटी क्यू' पोरांना घटकेत समजला.

कॉलेजच्या कार्यक्रमात सुंदरराव संचालकांना घेऊन आले, तेव्हा शहादेवनं मुद्दाम तेच चित्र लावलं. नोकरी गेली तर खड्ड्यात जाऊ दे, पण चारचौघांत ह्या माणसाचं नाक कापायचंच.

"साहेब, ही तुमच्या काट्यावरची रांग हाय."

सुंदररावांनी चष्मा पुसून निवांत पाहिलं. "लई ब्येस केलंय मास्तर. आमचा कारकून चिठ्ठ्यांत घोळ घालतो. हे कारखान्यावर बसवून द्या."

शहादेव नाही म्हणणार, तोच सुंदररावांनी सभेला सांगून टाकलं की मास्तर आजपासून कायम. टाळ्या पडल्या. आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारा हा गडी मुकाट खाली बसला. कीव कसली करायची अशा माणसाची? चीडच येते.

गाडीतळावर शहादेवच्या चित्राचा पडदा लागला. पूर्वी निदान कारकुनाला शिव्या घालता यायच्या. आता तो पडद्याकडं बोट दाखवून, कॉम्प्युटरच सांगतोय, म्हणून मोकळा व्हायचा.

एका दुपारी शहादेव बापाची भाकरी घेऊन तळावर गेला. पडद्यावर रामहरीची गाडी काट्याजवळ आली होती. तेवढ्यात लाल गाडी आली आणि रामहरीची खाली गेली. जुवाखालचा एक बैल बसला होता, तो उठवूनही उठत नव्हता. रामहरीनं भाकरीला हात लावला नाही.

"तुझ्या पोरांना लगेच समजलं म्हणं," तो म्हणाला. "आता ह्या बैलाला समजावून सांग, आपला नंबर काहून लागंना."