सकीनाची बकुळ मी सोलली होती

मी आयुष्यभर एकाच बाईवर जळले. ती काल गेली.

सकीना. माझ्याच वयाची, नव्वदीच्या आसपास. मी बोलते आहे, नात टाइप करून राह्यली.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट.

जालन्यात तळ्याच्या अंगाला एक जुनी बाग होती. आताच्या पार्कसारखी नाही, अख्खं जंगलच. कुण्या जहागीरदारानं लावलेली, असं म्हणत. चिंचा एवढ्या जुन्या, की चौघींनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडायचा नाही. तळ्याचं पाणी पाटानं आत यायचं. भर उन्हाळ्यात बाहेर रस्ता तापलेला, आत ओल्या मातीचा वास आणि पोपटांचा कालवा.

सकीनाचे अब्बा तिथले माळी. घर बागेतच, विहिरीजवळ.

आमचं घर मस्तगडच्या बोळात. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत.

मी बागेत पाहुणी. ती घरची.

कुठल्या ढोलीत घुबडाची पिल्लं, कुठल्या झाडाची जांभळं गोड, तिला सगळं बराबर ठाऊक. हात धरून दाखवायची.

त्याचाच मला जास्त राग यायचा.

एक बकुळ तर तिच्याच नावाची. ती जन्मली तेव्हा अब्बांनी लावलेली.

"तुझ्या नावाचं झाड हाये का?" तिनं सहज विचारलं.

"न्हाई."

"मंग अब्बांना सांगते. तुझ्यासाठी बी लावतील."

मला दुसरं नको होतं. मला तिचंच हवं होतं.

खोडाची साल गोल सोलली की झाड मरतं, हे अब्बांनीच आम्हाला सांगितलेलं. एका दुपारी सकीना जेवायला गेली, तेव्हा मी खापरीच्या धारेनं बकुळ सोलायला बसले. कुणाची तरी चाहूल लागली म्हणून पळाले. बोटभर साल तेवढी राहिली.

चार दिवसांनी पानं मलूल झाली. अब्बा खोडाला शेणमातीचा लेप देऊन वर गोणपाट गुंडाळत होते.

"कुणी केलं हे?" त्यांनी दोघींकडे पाहिलं.

मी हात मागं घेतले.

"मी," सकीना म्हणाली. "खेळता खेळता सोललं."

अब्बांनी तिला मारलं नाही. आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. ती जेवायची नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी गप्प.

बकुळ जगली. त्या बोटभर सालीवर.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. अब्बांचं काम गेलं. सकीनाचं सगळं घर नातेवाइकांकडं धावडा गावी गेलं.

आता जळायला कुणी नव्हतं. मी दोनदा बागेत गेले, एकटीच फिरले आणि परत आले. तिसऱ्यांदा जावंसं वाटलं नाही.

पुढं सकीना लग्न होऊन जुन्या जालन्यात आली. दोघींची पोरं मोठी झाल्यावर एकदा धीर करून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुझ्या नखात साल होती ना गं. त्याच दुपारी दिसली."

"मंग खोटं का बोललीस?"

"अब्बांनी तुला परत बागेत येऊ दिलं नसतं. मंग मी कुणाला दाखवलं असतं सगळं?"

त्या दिवसापासून मी बागेवर जळणं सोडलं. तिच्या मनावर जळत राहिले. तसं मन मला कधी जमलं नाही.

सकीना, त्या दिवशीसुद्धा मी माफी मागितली नाही. तू विषय बदललास आणि चहा ठेवलास.

आता मागते.

नीट जा, बाई. माझा अखेरचा सलाम.