पाणी चौथ्या पानावर

आमच्या मानपाड्याच्या इमारतीचं पाणी मी बंद पाडलं नाही. ते आधीच बंद होतं. मी फक्त टँकर बंद पाडला.

नळ आठ दिवस कोरडे होते. दिवसाआड एक टँकर यायचा, त्यावर सगळी इमारत तगून होती. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शहात्तर वर्षांची माझी आई तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायची आणि वर "झाली हो छान!" म्हणायची. ते ऐकून मला रडू यायचं. सोसायटीचा सेक्रेटरी मीच, तेव्हा तक्रार अर्जही मीच लिहायचा. आणि नेमका त्याच महिन्यात मी ठाण्याला कथालेखनाच्या वर्गाला जात होतो! (नशीब, दुसरं काय.)

"दोन ओळी लिहा," बायको शुभदा म्हणाली. "आठ दिवस नळाला पाणी नाही. लवकर सोडा. संपलं."

"अगं, पहिल्याच ओळीत संघर्ष? सर म्हणतात, आधी पात्रांचं सुखी जग दाखवायचं. मग संघर्ष, मग उत्कर्षबिंदू!"

"अहो, अर्ज आहे तो!"

मी ऐकतोय कसला! पहिल्या पानावर वातावरणनिर्मिती केली: कोवळं ऊन, गॅलरीतली तुळस, नळाला धो धो पाणी, तृप्त रहिवासी. दुसऱ्यावर आईचं व्यक्तिचित्रण. तिसऱ्यावर फ्लॅशबॅक, गावच्या विहिरीचा. नळाचं पाणी गेलं ते थेट चौथ्या पानाच्या तळाशी. अर्ज मी स्वतः पाणीखात्यात नेऊन दिला.

चार दिवसांनी उत्तर आलं. 'पाणीपुरवठ्याबाबत आपण व्यक्त केलेल्या समाधानाबद्दल आभारी आहोत.' त्याच दिवशी आमचा टँकर समोरच्या इमारतीत शिरला.

मी पाणीखात्याच्या कचेरीत धावलो. "साहेब, चौथं पान वाचा ना!"

"रोज ढीगभर अर्ज येतात, चौथ्या पानापर्यंत कोण जातंय?" कारकून म्हणाला. "पहिल्यावरच तुम्ही खूश होता की! खूश माणसाला टँकर कशाला? यादीतून नाव काढलं."

"मग परत चढवा!"

"नवीन अर्ज द्या. पंधरा दिवस लागतील."

नवीन अर्ज शुभदाने लिहिला. दोन ओळी. माझ्याकडे तिने पेनसुद्धा दिलं नाही. सोसायटीतले लोक जिन्यात मला बघून पाठ फिरवू लागले.

आईने मात्र माझी चारही पानं चष्मा लावून वाचली. "तुळस फार छान उतरल्ये रे," ती म्हणाली. "फक्त पाणी जरा आधी घालवायचंस." मला कुठे तोंड लपवू असं झालं.

सर म्हणतात, गोष्टीच्या शेवटी मुख्य पात्रात बदल दिसला पाहिजे. दिसतो ना! समोरच्या इमारतीतून भरलेल्या दोन बादल्या मी आता एक थेंबही न सांडता चौथ्या मजल्यावर नेतो.